डावं-उजवं

तोकुजी गिऱ्हाइकाला आधी किंमत सांगत नाहीत.
आधी विचारतात, "काल काय चिरलंत?"
माणसं गोंधळतात.
परवा एक तरुण म्हणाला, "कांदा." मग जरा थांबून,
"नाही, पाकीट. नूडल्सचं."
त्याला त्यांनी कात्री दिली.

मी मागच्या खोलीत, दगडापाशी.
एकवीस वर्षं. उजवा खांदा उतरलाय,
नखांत काळं पाणी.
साकाईतल्या या गल्लीत पडद्याआडून रोज ऐकतो:
ही देबा, जाड पाठीची, माशाचं डोकं उतरवायला,
हिच्याने काकडी कापाल तर काकडी फुटेल.
ही नाकिरी, भाजीची. हाडाला भिते, भिऊ द्या.
ही यानागिबा, वाळुंजीच्या पानासारखी लांब,
एकदाच ओढायची, टाचेपासून टोकापर्यंत,
करवतीसारखी मागेपुढे केलीत तर माशाला कळतं.
आणि ही सांतोकु, सगळ्याला चालते.
"सगळ्याला चालते" हे ते जरा हळू म्हणतात,
एखाद्याच्या जावयाबद्दल सांगावं तसं.

किनुगासाबाई आल्या त्या दिवशी ट्राम बंद होती.
चालत आल्या, काखेत वर्तमानपत्राची सुरळी.
"वडिलांची. मोडीत घ्याल का?
आणि मला एक साधी द्या, सरळ कापणारी.
ही वाकडी जाते. आई जन्मभर म्हणायची,
नवऱ्यासारखीच आहे, सांगू तिकडे जात नाही."

तोकुजींनी सुरळी सोडली. पातं उजेडाकडे धरलं.
मग मला हाक मारली.
मला ते सहसा हाक मारत नाहीत.

एक अंग उताराचं, एक सपाट.
उतार उजवीकडे असतो.
हिचा डावीकडे.

"वडील डावखुरे होते?"
"छे! वॉर्ड ऑफिसात कारकून.
जन्ममृत्यूचे दाखले लिहिले, उजव्या हाताने,
मृत्यूचासुद्धा जपून ठेवावा असं अक्षर."

तोकुजी बोलले नाहीत. मुठीवर बोट ठेवलं:
मॅग्नोलियाचं लाकूड, त्यात अंगठ्याने पाडलेला खळगा,
भलत्याच बाजूला.
अशी सुरी तयार मिळत नाही. सांगून करून घ्यावी लागते,
दीडपट पैसे मोजून, चार महिने थांबून,
आणि घरात कोणाला न सांगता.

बाई स्टुलावर बसल्या.
"शनिवारी रात्री," म्हणाल्या, "आम्ही झोपल्यावर
ते मासा कापायचे. सकाळी बशीत काप,
इतके पातळ, की खालचं निळं फूल दिसायचं.
आम्हाला वाटे, पुरुषमाणूस, लाजत असतील."
मग बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिल्या.
"शाळेत म्हणे मास्तर हात बांधून ठेवायचे.
हे सांगताना ते हसायचे.
कोणाचा, ते कधी सांगितलं नाही."

या हाताचं त्या हाताला कळू नये,
असं दानाबद्दल म्हणतात.

शेवटी त्यांनी फळांची छोटी सुरी घेतली,
दोन्ही अंगांनी उतार, कुठल्याही हाताला चालेल अशी.
कागदात बांधून होईपर्यंत
ती या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात.
"ती मोडीत नको. धार लावून ठेवा.
कधी नेईन, सांगत नाही."

रात्री ती दगडावर घेतली.
एकवीस वर्षं एकीकडे कलंडलेलं मनगट
दुसरीकडे कलंडेना.
बोटं बावळट झाली, पहिल्या दिवशीच्या पोरासारखी.
दोनदा कोन सुटला. करंगळी कापली.
मास्तर कोणी नव्हता, तरी मान दोनदा वळली
दाराकडे.

धार लागली तेव्हा साडेअकरा झाले होते.
त्याच वर्तमानपत्राचं पान उभं धरलं,
कोणी बघत नाही ना, पाहिलं,
आणि सुरी डाव्या हातात घेतली.

हात थरथरत होता.
सुरी सरळ गेली.